निर्यातबंदी करायची तर आधी कळवा : केंद्रीय वाणिज्यमंत्र्यांना नाशिकहून खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय वाणिज्य व उद्योगमंत्री,
वाणिज्य भवन, नवी दिल्ली.

विषय : कांद्याची निर्यातबंदी, तिची पूर्वसूचना आणि भारताने सही केलेले करार.

महोदय,
सविनय नमस्कार.

ऑक्टोबर २०१९मध्ये बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. त्याआधी थोडेच दिवस, २९ सप्टेंबरला, आपल्या सरकारने कांद्याची निर्यात बंद केली होती. उद्योजकांच्या बैठकीत बोलता बोलता त्या हिंदीवर आल्या. कांद्यावाचून आमची पंचाईत झाली आहे, मी स्वयंपाक्याला कांदा घालू नकोस म्हणून सांगून टाकले आहे, आणि पुढच्या वेळी असे काही करायचे झाले तर जरा आधी कळवत जा, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. सभागृहात हशा पिकला. बातमीही गंमत म्हणूनच फिरली.

त्यातली मागणी मात्र गमतीची नव्हती. जागतिक व्यापार संघटनेच्या कृषी कराराचे कलम १२ नेमके तेच सांगते. एखाद्या देशाला अन्नपदार्थाच्या निर्यातीवर बंदी किंवा निर्बंध घालायचे असतील, तर त्याने आयात करणाऱ्या देशांच्या अन्नसुरक्षेचा विचार करावा; बंदी घालण्याआधी, शक्य तितक्या लवकर, संघटनेच्या कृषी समितीला लेखी कळवावे; बंदीचे स्वरूप काय, मुदत किती हे सांगावे; आणि ज्याचे हितसंबंध अडकले आहेत अशा देशाने बोलणी मागितली तर ती करावीत. विकसनशील देशांना या कलमातून सूट आहे, पण त्या सुटीलाही अपवाद आहे. जो देश त्याच पदार्थाचा निव्वळ निर्यातदार आहे, म्हणजे आणतो त्याहून जास्त पाठवतो, त्याला ती मिळत नाही. भारत कांद्याचा निव्वळ निर्यातदार आहे, हे वाणिज्यमंत्र्यांना मी निफाडहून सांगण्याची गरज नसावी.

मी नाशिकच्या जिल्हा न्यायालयात वकिली करतो. घरची शेती निफाड तालुक्यात आहे. थोडी द्राक्षबाग, बाकी कांदा. त्यामुळे हे करार मी वकील म्हणूनही वाचतो आणि चाळीत कांदा भरणारा म्हणूनही. गावात हा विषय काढला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : असल्या कायद्याला विचारतो कोण? ना फौजदार, ना कोठडी. अमेरिका कुणाचे ऐकते का? प्रश्न रास्त आहे, आणि आपल्या मंत्रालयातही तो कुणी ना कुणी विचारत असणार, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो.

आपले पासपोर्ट आमच्या नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापले जातात. स्वतःचा पासपोर्ट उघडून पाहा. फोटोच्या पानाच्या तळाशी दोन ओळी असतात, प्रत्येक ओळीत मोजून ४४ चिन्हे. नाव संपले की उरलेल्या जागा बाणाच्या टोकासारख्या खुणांनी भरलेल्या. दिसायला निरर्थक. ही रचना दिल्लीने ठरवलेली नाही. १९४४च्या शिकागो करारातून उभ्या राहिलेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ती ठरवली, आणि म्हणून दुबईचे यंत्रही ती वाचते आणि फ्रँकफर्टचेही. आपण ती रचना कुणाच्या धाकाने पाळत नाही. एका ओळीत ४४ऐवजी ४३ चिन्हे छापली तर कुठलेही सैन्य नाशिक रोडवर चाल करून येणार नाही. आपलाच माणूस परक्या विमानतळावरच्या खिडकीपुढे ताटकळत राहील. तेवढी शिक्षा पुरते. टपाल, विमानांचे मार्ग, रेडिओच्या लहरींचे वाटप, जहाजांवरचे नियम, सगळे याच रीतीने चालते. बातमी होते ती नियम मोडल्याची, आणि त्यावरून आपण समजतो की कुणी पाळतच नाही.

हा आंतरराष्ट्रीय कायदा येतो दोन मोठ्या वाटांनी. एक करार, म्हणजे देशांनी स्वतःच्या सहीने स्वतःवर घालून घेतलेली बंधने. दुसरी रिवाज, म्हणजे देश वर्षानुवर्षे जे करत आले आणि करणे बंधनकारक आहे असे मानून करत आले ते. दूताला हात लावायचा नाही हा शिरस्ता कागदावर नीट उतरला १९६१च्या व्हिएन्ना करारात. पण बिभीषणाने रावणाला हेच सांगितले होते, तेव्हा कुठले व्हिएन्ना आणि कुठला करार! हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या घटनेतले ३८वे कलम करार आणि रिवाज यांच्या जोडीला कायद्याची सर्वमान्य तत्त्वे धरते, आणि न्यायनिवाडे व जाणकारांचे लेखन यांना साहाय्यक स्थान देते. पुस्तकी भाग एवढाच. खरा प्रश्न पाळण्याचा आहे.

त्यासाठी लासलगावचा लिलाव पाहायला हवा. ट्रॅक्टरच्या रांगेतून व्यापारी पुढे सरकतात, ट्रॉलीतला कांदा हातात घेऊन दाबून पाहतात, भाव पुकारला जातो, पावती फाटते. मग ट्रॉली काट्यावर आणि तिथून व्यापाऱ्याच्या खळ्यावर. तिथे माल खाली करताना ‘आतला माल हलका निघाला’ म्हणून भाव पाडणारा एखादा निघतोच. शेतकरी एकटा असतो, ट्रॉली अर्धी रिकामी झालेली असते, भांडून उपयोग नसतो. पण पुढच्या आठवड्यात त्या व्यापाऱ्याने बोली लावली की रांगेत कुजबुज सुरू होते, आणि माणूस दोन रुपये कमी घेऊन दुसऱ्याला माल देतो. बाजार समितीचा दंड बसेल तेव्हा बसेल, नाव आधी जाते. देशांमध्येही शब्दाची किंमत अशीच ठरते. ज्याला उद्या पुन्हा त्याच बाजारात उभे राहायचे आहे, तो बहुतेक वेळा शब्द पाळतो. ज्याला वाटते की माझ्यावाचून बाजारच चालणार नाही, तो मोडतो.

असे मोडणारे आहेत. १९८६ साली निकाराग्वाच्या खटल्यात हेगच्या न्यायालयाने अमेरिकेविरुद्ध निकाल दिला; अमेरिकेने तो मानला नाही, आणि अंमलबजावणीसाठी प्रकरण सुरक्षा परिषदेत गेले तेव्हा तिथे नकाराधिकार वापरला. २०१६ साली दक्षिण चिनी समुद्राबाबतचा लवादाचा निवाडा चीनने धुडकावला.

भारताचे वागणे या रांगेतले नाही, आणि हे मी अभिमानाने लिहितो. बंगालच्या उपसागरातल्या सागरी हद्दीचा वाद बांगलादेशने लवादापुढे नेला. ७ जुलै २०१४ रोजी निवाडा आला. वादातल्या सुमारे २५,६०२ चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ चौरस किलोमीटर बांगलादेशच्या वाट्याला गेले. समोरचा देश आपल्याहून कितीतरी लहान, तरीही दिल्लीने निवाडा मानला. केरळच्या किनाऱ्याजवळ दोन भारतीय मच्छीमारांना इटलीच्या नौसैनिकांनी २०१२ साली गोळ्या घातल्या. २०२० साली लवादाने सांगितले की भरपाई भारताला मिळेल, पण त्या नौसैनिकांवर खटला भारतात चालणार नाही. देशात संताप होता. तरी आपण १० कोटी रुपयांची भरपाई घेऊन सर्वोच्च न्यायालयात प्रकरण मिटवले.

आणि जेव्हा गरज आपली होती तेव्हा? पाकिस्तानने फाशी सुनावलेल्या कुलभूषण जाधवांसाठी आपण हेगलाच गेलो. त्यांच्यासाठी आपल्या हाती शस्त्र होते एका कराराचे कलम : वकिलाती संबंधांवरच्या १९६३च्या व्हिएन्ना कराराचे कलम ३६, अटकेतल्या परदेशी माणसाला त्याच्या देशाच्या वकिलातीशी संपर्क करू देण्याचे. नागपुरात वाढलेले हरीश साळवे एक रुपया मानधनावर उभे राहिले. १७ जुलै २०१९ रोजी १५ विरुद्ध १ अशा मतांनी निकाल आपल्या बाजूने लागला. सुटका झाली नाही, पण फाशी थांबलेली राहिली, आणि फेरविचारासाठी पाकिस्तानला आपल्या देशात वेगळा कायदा करावा लागला. ज्याच्याकडे सैन्य आहे, अणुबॉम्ब आहे, त्या देशालाही कागदावरचे एक कलम इतके हलवू शकते. महोदय, त्या निकालाला अडीच महिनेही झाले नसतील, तोच २९ सप्टेंबर उजाडला.

आता कांद्याच्या कायद्याकडे येतो. देशादेशांतल्या व्यापाराचे मूळ नियम ठरवणाऱ्या गॅट कराराचे कलम ११ निर्यातीवर बंदी किंवा कोटा घालायला मुळातच मनाई करते. करशुल्काला मनाई नाही. म्हणजे ऑगस्ट २०२३मध्ये लावलेल्या ४० टक्के निर्यातशुल्काने आमचे कंबरडे मोडले खरे, पण कलम ११ मोडले नाही. डिसेंबरमधल्या बंदीचे तसे नाही. तिला आधार एकच, त्याच कलमातला अपवाद : अन्नपदार्थाची गंभीर टंचाई टाळण्यासाठी किंवा निवारण्यासाठी तात्पुरती घातलेली बंदी चालते. २०१२ साली चीनच्या खनिजांच्या खटल्यात संघटनेच्या अपील मंडळाने यावर स्पष्ट म्हटले की उपाय मर्यादित मुदतीचा हवा आणि टंचाई खरोखर निर्णायक स्वरूपाची हवी. भाव चढला म्हणजे टंचाई झाली, असा याचा अर्थ कुठलाही वकील लावणार नाही.

७ डिसेंबर २०२३च्या अधिसूचनेने बंदी ३१ मार्च २०२४पर्यंत होती. २२ मार्चला ती पुढील आदेशापर्यंत वाढली. उठली ती ४ मेला, टनाला ५५० डॉलरचे किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. मुदत आधी सांगितली होती, आणि नंतर ती मुदतच काढून टाकली. मधल्या काळात काही देशांना विनंतीवरून ठरावीक टन कांदा द्यायचे ठरले. मार्चमध्ये बांगलादेशला ५० हजार टन आणि संयुक्त अरब अमिरातींना १४ हजार ४०० टन, तोही एका सहकारी निर्यात संस्थेमार्फत. मैत्री म्हणून हे चांगले दिसते. पण गॅटचे कलम १३ म्हणते की निर्बंध घालायचेच तर सगळ्या देशांना सारखे घाला. ज्याने विचारले त्याला दिले, ही पद्धत त्या कलमाच्या भाषेत बसवायला मला तरी अवघड जाते.

अधिसूचना निघाली तो दिवस आणि लागू झाली तो दिवस यांत एका रात्रीचे अंतर होते. ८ तारखेला लाल कांद्याच्या ट्रॉल्या बाजारात उभ्या, लिलाव बंद, चांदवडला मुंबई-आग्रा महामार्गावर शेतकरी बसलेले. २०२०च्या सप्टेंबरमध्येही तीच तऱ्हा. तेव्हा बांगलादेशच्या सरहद्दीवरच्या नाक्यांवर भरलेले ट्रक अडकून पडले. कांदा हा काही लोखंडी गज नव्हे, ताडपत्रीखाली तो तापतो, घामेजतो, कोंब फुटतो. २०१९च्या बंदीनंतर बांगलादेशने म्यानमार, इजिप्त, तुर्कस्तान, चीन, अगदी पाकिस्तानकडूनही कांदा मागवला, काही तर विमानाने. एकदा विमानाने कांदा आणावा लागलेला गिऱ्हाईक पुढच्या वेळी आपल्यावर विसंबून राहत नाही, आणि त्याची किंमत वाणिज्य भवन मोजत नाही.

याच जिल्ह्यातल्या द्राक्षांची गोष्ट याच्या शेजारी ठेवून पाहा. २०१०च्या हंगामात युरोपला गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या रसायनाचा अंश तिथल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला. कंटेनर अडकले, अनेक बागायतदार आणि निर्यातदार कर्जात गेले. तेव्हापासून आमच्याकडे औषध फवारण्याआधी माणूस दुकानदाराला विचारतो, ‘युरोपला चालतं ना?’ फवारणीची तारीख वहीत, बागेची नोंदणी ऑनलाइन, काढणीआधी नमुना प्रयोगशाळेत. असा कुठलाही नवा निकष आला की आपले अधिकारी जिनिव्हात, व्यापार संघटनेच्या मुख्यालयात, काय मागतात? पूर्वसूचना. आणि त्यांचे बरोबर आहे. आरोग्य व वनस्पतिसंरक्षण उपायांच्या करारात ती तरतूद आहे : तातडीची वेळ सोडली, तर नवा निकष आधी प्रसिद्ध करायचा, इतर देशांना म्हणणे मांडू द्यायचे आणि लागू करण्याआधी वाजवी अवधी ठेवायचा. २००१ साली दोहा इथे ठरले की वाजवी अवधी म्हणजे सर्वसाधारणपणे किमान सहा महिने. विकसनशील देशांच्या शेतकऱ्याला जुळवून घ्यायला वेळ मिळावा म्हणूनच.

म्हणजे द्राक्षाच्या बाबतीत आपण युरोपकडे सहा महिने मागतो, आणि कांद्याच्या बाबतीत बांगलादेशला एक रात्र देतो. दोन्ही पिके एकाच तालुक्यातली, कित्येकदा एकाच बांधाच्या दोन बाजूंची. माझी सगळी तक्रार या एका वाक्यात मावते, महोदय. बाकीचे पुराव्यादाखल आहे.

यावर काय उत्तर येईल याचा अंदाज आहे. पहिले उत्तर : देशातल्या गृहिणीचे काय? कांदा रडवतो तो सरकारांनाही, १९९८ची दिल्लीची निवडणूक कोण विसरेल? मान्य. कलम १२ बंदी करू नका असे म्हणतच नाही, आधी सांगा असे म्हणते. आधी सांगितले तर साठेबाज सावध होतील, हेही मान्य. मग निदान झालेल्या सौद्यांचा, रस्त्यावरच्या आणि बंदरातल्या मालाचा अपवाद ठोक नियम म्हणून ठेवता येतो. दर वेळी त्यासाठी रास्ता रोको का व्हावा?

दुसरे उत्तर जास्त गंभीर आहे, आणि ते उघडपणे कुणी देणार नाही : तक्रार करेल कोण? बांगलादेशने करायची ठरवली तरी अपील मंडळच उरलेले नाही. अमेरिकेने नेमणुका अडवल्याने ११ डिसेंबर २०१९पासून तिथे खटला ऐकायला पुरेसे सदस्य नाहीत. त्यामुळे हरलेला देश रिकाम्या मंडळाकडे अपील करतो आणि प्रकरण तिथेच लटकते. भारतानेही हे केले आहे. साखरेच्या अनुदानाबाबत डिसेंबर २०२१मध्ये निकाल आपल्याविरुद्ध गेला, त्यावर आपण अपील केले. आमच्या ऊसवाल्या भावांना त्याचा दिलासा मिळाला, त्यामुळे मी फार नैतिक आव आणत नाही.

पण तिथेही वागण्याची दुसरी बाजू आहे. निर्यात प्रोत्साहनाच्या योजनांवरून अमेरिकेने आपल्याविरुद्ध तक्रार केली, २०१९ साली आपण हरलो, त्याही वेळी रिकामे होऊ घातलेल्या मंडळाकडे अपील केले. त्या निकालाची सक्ती आपल्यावर झालीच नाही. तरीही १ जानेवारी २०२१पासून जुनी योजना जाऊन निर्यातमालावरचे कर परत करणारी रोडटेप योजना आली, आणि ती आणताना सरकारनेच सांगितले की ही जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांत बसते. नाशिकचा प्रत्येक निर्यातदार आज तिची नोंद बिलावर करतो. पकडणारा नसतानाही आपण स्वतःला दुरुस्त करून घेतले, मग कांद्याच्या सूचनेपुरतेच घोडे कुठे पेंड खाते?

मुळाचा दोष मला दिल्लीच्या कार्यपद्धतीत दिसतो. करार करणे हा सरकारचा अधिकार. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या संघसूचीत १४वी नोंद तशी आहे, पण करार कसा करावा, संसदेपुढे कधी ठेवावा, याचा कायदा संसदेने आजवर केलेला नाही. उलट कलम २५३प्रमाणे करार राबवण्यासाठी संसद राज्यांच्या विषयावरही कायदा करू शकते, आणि शेती हा राज्यांचा विषय आहे. म्हणजे जिनिव्हात झालेली सही निफाडच्या बांधापर्यंत येते, निफाडला विचारल्याशिवाय. कधी ती चांगल्यासाठी येते. बौद्धिक संपदेच्या करारामुळे १९९९चा भौगोलिक निर्देशनांचा कायदा झाला आणि येवल्याची पैठणी, नाशिक व्हॅली वाइन, लासलगावचा कांदा यांना त्यांचे नाव कायद्याने मिळाले. कामाच्या जागी होणाऱ्या छळाविरुद्ध १९९७ साली विशाखा निकालात सर्वोच्च न्यायालयाने आधार घेतला तो स्त्रियांविरुद्धच्या भेदभावावरील आंतरराष्ट्रीय कराराचाच. वाईट एवढेच की हे करार आमच्या भाषेत कुठे वाचायला मिळत नाहीत. माझ्याकडे येणारा शेतकरी सातबाराचा कोपरा न् कोपरा वाचतो. कलम १२ त्याला मराठीत दिले तर तो माझ्याहून बारकाईने वाचेल. राज्यघटनेच्या कलम ५१मध्ये आंतरराष्ट्रीय कायद्याबद्दल आणि करारांच्या बंधनांबद्दल आदर जोपासावा असे राज्याला सांगितले आहे. जे वाचताच येत नाही त्याचा आदर कुणी कसा जोपासायचा?

तेव्हा माझी मागणी थोडकी आहे. २०१९, २०२० आणि २०२३ या तिन्ही बंदींच्या वेळी कृषी समितीला कलम १२खाली लेखी सूचना दिली होती का, दिली असल्यास बंदीच्या आधी की नंतर, हे तारखांसह जाहीर करा. यापुढे शेतमालाच्या निर्यातीवर बंदी घालताना झालेले सौदे आणि वाटेतला माल वगळण्याची तरतूद परराष्ट्र व्यापार धोरणातच पक्की करा, आणि ती अधिसूचनेच्या एका ओळीने बाजूला सारता येणार नाही अशी करा. बंदीची मुदत वाढवायची असेल तर कारण आणि आकडे द्या. शेतीशी संबंधित नवा व्यापार करार मंजूर होण्याआधी संसदेपुढे ठेवा आणि त्याचा मराठी अनुवाद उपलब्ध करून द्या. कृषी करारापासून सुरुवात केलीत तरी पुष्कळ.

१ एप्रिल २०२५पासून कांद्यावरचे निर्यातशुल्क उठले, त्याबद्दल आभार मानायचे राहिले होते, ते मानतो. पुढची तेजी कधीतरी येईलच आणि तेव्हा पुन्हा हीच फाइल आपल्या टेबलावर येईल, म्हणून हे पत्र आत्ता, भाव शांत असताना लिहिले. उत्तर मराठीत पाठवलेत तर बाजार समितीच्या फलकावर लावण्याची व्यवस्था मी करतो. इंग्रजीत आले तर भाषांतराला चार दिवस जास्त लागतील, इतकेच.

आपला,
निफाड तालुक्यातील एक कांदा व द्राक्ष उत्पादक वकील,
नाशिक